एका झाकणाचे परीक्षण

पाठ्यपुस्तके, प्रयोगपेट्या, तक्ते यांचे परीक्षण आपण नेहमी वाचतो. या वेळी परीक्षणासाठी घेतलेली वस्तू म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी रुंदीची एक प्लॅस्टिकची पट्टी आहे. लॅपटॉपच्या कडेला सीडी किंवा डीव्हीडी घालण्याचा जो खण असतो, त्याचे हे झाकण.

एवढ्याशा वस्तूवर लेख कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या अनेक शाळांत दहा-बारा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप आहेत आणि त्यांना हा खण आहे. ते सुरू व्हायलाच काही मिनिटे लागतात, म्हणून हळूहळू ते कपाटात जातात. डीव्हीडी तर आता कोणी लावत नाही. तो ड्राइव्ह काढून त्या जागी 'कॅडी' नावाची चौकट बसवता येते. त्यामुळे यंत्रात एकाऐवजी दोन डिस्क बसतात आणि त्यांतली एक नव्या प्रकारची, म्हणजे एसएसडी असली, तर यंत्र पुन्हा कामाचे होते. या कामाची सुरुवात त्या पट्टीपासून होते, आणि नेमका तेथेच शिक्षकाचा हात थबकतो. तो का थबकतो, आणि त्यात दोष झाकणाचा किती व आपला किती, हे पाहणे हा या परीक्षणाचा हेतू आहे.

झाकण काढतात कसे?

प्रथम लॅपटॉप पूर्ण बंद करावा. तो नुसता झोपवलेला नसावा. चार्जर काढावा आणि बॅटरी निघण्याजोगी असेल तर तीही काढावी. मग यंत्र मऊ कापडावर पालथे ठेवावे. तळाशी दोन-अडीच मिलिमीटर व्यासाचा एक स्क्रू असतो. काही कंपन्या त्याच्या शेजारी तबकडीचे चिन्ह कोरतात. तो काढला की अख्खा ड्राइव्ह कडेने सरकत बाहेर येतो. आता पट्टीवरील बारीक छिद्रात सरळ केलेली जेमक्लिप घालून हलके दाबावे. वीज नसतानाही तबक उघडण्यासाठीच ते छिद्र ठेवलेले असते. तबक बाहेर आले, की पट्टीच्या मागच्या बाजूचे दोन-तीन लवचीक आकडे दिसतात. ते नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ तुकड्याने एकेक करून दाबले की पट्टी सुटते आणि तीच पुढे कॅडीला लावता येते. कॅडी आणण्यापूर्वी मात्र काढलेल्या ड्राइव्हची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. ती बहुधा १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर असते, आणि चुकीची कॅडी खणात बसत नाही. प्रयोगशाळेत वर्षातून एकदा बाहेर येणाऱ्या व्हर्नियरला इतके खरे काम क्वचितच मिळते.

गुण

या रचनेचा पहिला गुण असा, की ती परत जशीच्या तशी जोडता येते. स्क्रू काढता येतो तसाच लावता येतो. आकडा दाबला की वाकतो आणि सोडला की स्वतःच्या स्थितिस्थापकतेने मूळ जागी येतो. येथे डिंक नाही, डाग नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनच्या मुलांना ही कल्पना समजावायला लांब जायला नको. अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे प्रसिद्ध असलेल्या या गावातले जुने पवळी मंदिर हेमाडपंती शैलीचे मानले जाते. हेमाडपंती बांधकामाचे वैशिष्ट्य आपण इतिहासात शिकवतो: चुना न वापरता, दगडांना खाचा व कंगोरे घडवून, ते एकमेकांत बसवायचे. सांधा टिकतो तो दगडाच्या आकारामुळे आणि वजनामुळे. प्लॅस्टिकच्या पट्टीत वजनाची जागा लवचीकपणाने घेतली आहे, पण चिकटवण्यापेक्षा आकाराने धरून ठेवणे हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. इतिहासाच्या तासाला मंदिर आणि विज्ञानाच्या तासाला लॅपटॉप दाखवला, तर मुलांना हा संबंध आपोआप दिसेल.

दुसरा गुण प्रमाणित मापांचा. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि डीव्हीडी १९९६ मध्ये, पण तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटरच राहिला. त्यामुळे ड्राइव्हची रुंदी आणि जोडण्याही बऱ्याच अंशी ठरून गेल्या. म्हणूनच एका कंपनीच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या कोणी बनवलेली कॅडी बसू शकते. थिंकपॅड लॅपटॉपच्या कित्येक प्रकारांत तर या खणाला स्क्रूही नव्हता. खिट्टी सरकवली की ड्राइव्ह हातात येई.

दोष

आता दोष. स्क्रूशेजारचे चिन्ह सर्वच कंपन्या देत नाहीत. काही लॅपटॉपमध्ये स्क्रू कीबोर्डखाली किंवा रबरी पायाखाली दडवलेला असतो. तो न काढता ड्राइव्ह ओढला की खण मोडतो आणि दोष मात्र ओढणाऱ्याच्या माथी येतो. दुसरे, आतल्या मापांत प्रमाण पाळले गेले, पण बाहेरच्या पट्टीत नाही. प्रत्येक प्रकारच्या लॅपटॉपची पट्टी त्याच्या कडेच्या गोलाईप्रमाणे वेगळी असते. ती हरवली किंवा तुटली तर कॅडीबरोबर आलेली सपाट पट्टी लावावी लागते आणि फट राहते. शिरपूरच्या उन्हाळ्यात त्या फटीतून धूळ आत जाणार हे सांगायला नको. तिसरे, आकडे फार बारीक आहेत. जुने प्लॅस्टिक ठिसूळ होते. थंडीच्या सकाळी घाईने ओढले तर आकडा वाकण्याऐवजी तुटतो.

आणि एक मोठा दोष असा, की सावधगिरीच्या सूचना बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असतात. कोरड्या हवेत अंगावर साठलेल्या स्थिर विद्युतभाराचा झटका आपल्याला जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक भाग त्याहून बऱ्याच कमी व्होल्टला बिघडू शकतात, म्हणजे आपल्याला कळतही नाही आणि नुकसान होऊन जाते. विदर्भातल्या मार्च ते मे महिन्यांत हे विशेष ध्यानात ठेवावे. नायलॉनचे कपडे टाळावेत, आणि भागांना हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. तळावर मराठीत दोन ओळी छापायला कंपनीला कितीसा खर्च येणार होता?

सर्व झाकणे सारखी नसतात

"उघडू नका" ही सूचना प्रत्येक वेळी चुकीची असते असे नाही. मुलांना झाकणांचे तीन वर्ग शिकवले पाहिजेत.

पहिला वर्ग उघडण्यासाठीच केलेल्या झाकणांचा: ड्राइव्हचा खण, रॅमचा खण, निघणारी बॅटरी. दुसरा वर्ग वीज तोडूनच उघडावयाच्या झाकणांचा. खुद्द डीव्हीडी ड्राइव्हची पत्र्याची पेटी या वर्गात येते. तिच्यात लेझर असतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा, लाल. पेटी बंद असताना तो निर्धोक असतो. पण पेटी उघडी ठेवून ड्राइव्ह कधीही चालू करू नये. न दिसणाऱ्या किरणापुढे पापणीसुद्धा मिटत नाही. तिसरा वर्ग शाळेत मुळीच न उघडण्याचा: फुगलेली लिथियम बॅटरी आणि चार्जर. आपल्या घरची २३० व्होल्टची वीज चार्जरमध्ये एकदिश होते तेव्हा आतल्या धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट येतात, आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

हा भेद ज्याला कळला तो योग्य झाकण न भिता उघडतो आणि अयोग्य झाकणाला हात लावत नाही. ज्याला सरसकट "हात लावू नका" एवढेच सांगितले गेले, त्याला दोन्ही गोष्टी येत नाहीत.

पाठ्यपुस्तक काय म्हणते?

२०१७ मध्ये आलेल्या बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानावर स्वतंत्र प्रकरण आहे. संगणकाचे भाग, स्मृतीचे प्रकार, लेखन, तक्ते व सादरीकरण करणाऱ्या प्रणाली आणि पुण्याच्या सी-डॅकचे कार्य त्यात आले आहे. प्रकरणाचा भर नावे आणि वापर यांवर आहे. नववीच्या मुलाला वापर यायलाच हवा, हे मान्य. पण याच मुलाला आपण परिपथ जोडायला देतो, फुलाचा छेद घ्यायला सांगतो. मग संगणक तेवढा आकृतीतच का राहावा? 'दुय्यम स्मृती' ही संज्ञा पाठ करणे आणि काढलेली हार्ड डिस्क तळहातावर घेऊन तिचे वजन अनुभवणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

करून शिकण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभा केला, तो गावाच्या खऱ्या कामांतूनच मुले शिकतील या विश्वासावर. लॅपटॉपचा खण हे आज शाळेत पडून असलेले तसेच एक खरे काम आहे.

त्यातले गणितही नववीच्या मुलांच्या आवाक्यातले आहे. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद, थांबावे लागते. शीर्ष योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद धरू. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला सुमारे ६० वेळाच वाचता येते. समजा, यंत्र सुरू होताना अशा दहा हजार जागा वाचायच्या आहेत, तर पावणेतीन मिनिटे गेली. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरला, तर हेच काम एका सेकंदात होते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या खणाची जोडणी मुख्य खणापेक्षा मंद असते, म्हणून एसएसडी मुख्य खणात आणि जुनी डिस्क कॅडीत बसवणे बरे. त्याआधी जुन्या डिस्कवरच्या फायलींची प्रत काढून ठेवावी. शिवाय विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि यांतली बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तेव्हा डिस्कबरोबर लिनक्सचाही विचार करावा लागेल. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली त्यातलीच.

नोंदवहीची भीती

खरा अडथळा मात्र स्क्रूचा नाही, डेडस्टॉक नोंदवहीचा आहे. लॅपटॉप नोंदवहीत चढलेला असतो. बंद पडला तर कोणी विचारत नाही. पण उघडताना बिघडला तर उघडणाऱ्याला जाब द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत शहाणा शिक्षक कपाटाला कुलूप लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही. यावर उपाय साधा आहे. मुख्याध्यापकांनी आधी लेखी संमती द्यावी. काढलेला ड्राइव्ह, पट्टी आणि स्क्रू एका पाकिटात घालून त्यावर यंत्राचा क्रमांक लिहावा आणि नोंदवहीत तशी नोंद करावी. रचना परत जोडता येते हा तिचा गुण येथेच उपयोगी पडतो, कारण तपासणीला कोणी आले तर पाच मिनिटांत यंत्र मूळ स्थितीत आणता येते.

घाई करायलाही कारण आहे. पातळ लॅपटॉपांतून हा खण केव्हाच गेला. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता, रॅम डाख देऊन जोडलेली होती आणि बॅटरी चिकटवलेली होती. पुढे इतर अनेकांनी तोच मार्ग धरला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शाळेसाठी नवे यंत्र घेताना "तळ कोणत्या स्क्रूंनी उघडतो, डिस्क बदलता येते का?" हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

शेवटी, काढलेला ड्राइव्ह पाकिटातून तासाला बाहेर काढावा आणि दाखवून झाल्यावर परत ठेवावा. त्याचे तबक, भिंग आणि मोटर मुलांना पाहू द्यावी. सोबत एक जुनी सीडी घ्यावी. तिच्यावरील मार्गांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर असते. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझर पॉइंटरचा किरण तिच्यावर लंब पाडला, तर परावर्तनात पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर मिळतो. एक मीटर दूरच्या पडद्यावर मधल्या ठिपक्यापासून तो सुमारे ४४ सेंटिमीटरवर पडेल. किरण व त्याचे परावर्तन कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही, अशी मांडणी शिक्षकाने स्वतः करावी. आधी मुलांना पट्टीने अंतर मोजू द्यावे, मग १.६ हा आकडा सांगावा.