मत फुकट, तिकीट विकत

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या सीझनमध्ये शेवटी दोघंच उरले. अभिजीत सावंत आणि सूरज चव्हाण. रितेश देशमुखने हात वर केला तो सूरजचा. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, लहानपणीच आईवडील गेलेला, शाळा अर्ध्यात सुटलेला, टिकटॉकवर 'गुलीगत' म्हणत नाव कमावलेला मुलगा. ट्रॉफी आणि १४ लाख ६० हजार रुपये घेऊन तो बाहेर आला. मीही त्याला मतं दिली होती. बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या, अंगठ्याने. एक पैसा लागला नाही.

२५ एप्रिल २०२५ ला त्याचा 'झापुक झुपूक' लागला. दिग्दर्शक केदार शिंदे, म्हणजे २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला थिएटरं भरवणारा माणूस. नाव सूरजच्याच तोंडच्या शब्दांचं. तरी सिनेमा पडला. मत देणारे गेले नाहीत. मीही नाही गेलो.

का, हा प्रश्न मला अजून टोचतो. त्याचं उत्तर सिनेमापेक्षा त्या घरात शोधावं लागतं.

गोरेगावच्या फिल्मसिटीतला तो सेट. आत फोन नाही, घड्याळ नाही. कॅमेरे दिवसभर चालू, पण रात्री आपल्याला दिसतो तासभराचा एपिसोड. कुणाचं गप्प बसणं 'साधेपणा' ठरेल आणि कुणाचं 'कामचुकारपणा', ते एडिटच्या टेबलावर ठरतं. सूरजच्या आजूबाजूला होती आवाज चढवणारी निक्की तांबोळी, मुरलेल्या वर्षा उसगांवकर आणि डावपेच आखणारी मंडळी. त्या गर्दीत ज्याला डाव कळत नाही तो निर्मळ दिसतो. ७० दिवस आपण हेच पाहिलं आणि भाळलो.

पण साधेपणा हा असा गुण आहे की तो शेजाऱ्यामुळे उठून दिसतो. शेजारी काढून घ्या, तोच माणूस पडद्यावर नायक म्हणून एकटा उभा करा, मग त्याला अभिनय यावा लागतो. शोने त्याला अभिनय शिकवला नव्हता. उलट, काही न शिकण्याबद्दलच आपण त्याला जिंकवलं होतं.

उपविजेता अभिजीत सावंतकडे पाहा. २००५ च्या मार्चमध्ये तो पहिला 'इंडियन आयडल' झाला, तेव्हा एसएमएसला पैसे पडायचे आणि लोक तरीही पाठवायचे. त्याच्याकडे गळा होता. शो संपला तरी गळा संपत नाही, स्टेज मिळत राहतं. तरीही १९ वर्षांनी त्याला पुन्हा मतांसाठी एका घरात राहायला जावं लागलं. गळा असलेल्याची ही गत, तर ज्याचं भांडवल फक्त 'मी असा आहे' एवढंच, त्याने काय करावं? दुसऱ्या सीझनचा विजेता, अमरावतीचा शिव ठाकरे, याने एक उत्तर काढलं: एका शोमधून दुसऱ्यात. 'रोडीज', मग मराठी 'बिग बॉस', मग हिंदी 'बिग बॉस'चं उपविजेतेपद, मग 'खतरों के खिलाडी'. हुशार उत्तर आहे. पण त्यात 'शोनंतरचं आयुष्य' नावाची गोष्टच उरत नाही.

मी कामाला ॲप बनवतो. बटण दाबायला जितकं सोपं, तितकं ते जास्त दाबलं जातं आणि दाबणाऱ्याला त्याचं तितकंच कमी वाटतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. सूरजला दिलेलं माझं मत तसंच होतं. एका अनाथ पोराबद्दल वाटलेली कणव मी दोन सेकंदांत फेडून टाकली. मत दिलं, फिटलं. तिकिटाच्या वेळी देणं शिल्लक आहे असं वाटलंच नाही.

म्हणून मत वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ते १४ लाख खरे आहेत आणि मोढव्यात त्यांना किंमत आहे. त्याच्या विजयाची टिंगल करणाऱ्यांनी हे विसरू नये. पण चॅनेलला टीआरपी मिळाला, ॲपला प्रेक्षक मिळाले, मला चांगुलपणाचं समाधान मिळालं. या हिशेबात पुढची सगळी वर्षं फक्त सूरजच्या खात्यावर पडली.

सिनेमा पडल्यावर 'याला कुणी हिरो केलं?' असं विचारणाऱ्या पोस्ट मी वाचल्या आणि पुढे सरकवल्या. उत्तर माझ्या अंगठ्याखालीच होतं.