कंठ फुटण्याच्या वयातले गाणे

‘कंठ फुटणे’ या आपल्या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. मुलगा वयात येऊ लागला आणि त्याचा कोवळा स्वर मोडून घोगरा झाला, की वडीलधारी माणसे म्हणतात, याचा कंठ फुटला. आणि इतके दिवस मुका राहिलेला कुणी बोलू लागला, तरीही आपण तेच म्हणतो. एका अर्थात काही हरवते, दुसऱ्यात काही गवसते. व्हेनेझुएलातील ‘साल्सेरीन’ या किशोरांच्या साल्सा वाद्यवृंदाचा विचार करू लागलो, की हे दोन्ही अर्थ एकाच वेळी मनात येतात.

साल्सा ही काही मुलांचा खेळ म्हणून जन्मलेली कला नव्हे. क्यूबातील ‘सोन’ आणि इतर नृत्यप्रकारांची परंपरा घेऊन न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅरिबियन स्थलांतरितांनी ती घडवली. 1964 साली जॉनी पाचेको आणि जेरी मसूची यांनी ‘फानिया’ ही ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि या संगीताला जगभर वाट मिळाली. कोवळ्या वयाचे तिला वावडे मात्र कधीच नव्हते. ट्रॉम्बोनवादक विली कोलोन याची पहिली तबकडी 1967 साली निघाली, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. परंतु एक भेद लक्षात ठेवावा लागेल. कोलोन स्वतःच आपल्या वृंदाचा नायक होता. काय वाजवायचे आणि कुणी गायचे, हे तो ठरवीत असे. साल्सेरीनची कल्पना मात्र मान्वेल गेर्रा या प्रौढ माणसाची. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने काराकासमध्ये मुले निवडली, त्यांना तालमी दिल्या आणि मंचावर उभे केले. पाहता पाहता साऱ्या देशातील शाळकरी मुलामुलींच्या ओठी ही गाणी आली. 1997 साली लुईस आल्बेर्तो लामाता या दिग्दर्शकाने या मुलांना घेऊन चित्रपटही काढला. सोळाव्या शतकातील एका डोमिनिकन धर्मगुरूची कथा सांगणारा ‘हेरिको’ ज्याने केला, तोच हा दिग्दर्शक.

या यशाचे रहस्य काय? पहिले कारण सरळ आहे. तोवर साल्सा ही घरातील मोठ्यांची, काकामामांची चीज होती. ती समवयस्कांच्या आवाजात ऐकू येताच मुलांना ती आपली वाटली. दुसरे कारण संगीतातच आहे. 1980 च्या दशकात साल्साने जी मवाळ, प्रणयप्रधान वळणे घेतली, ती कोवळ्या गळ्याला सोयीची होती. वृंदाची शिस्तही वाखाणण्यासारखी. पितळी वाद्यांची फेक नेटकी, पियानोची आवर्तने स्वच्छ आणि ‘क्लावे’ म्हणजे दोन लाकडी दांड्यांच्या पाच ठोक्यांवर उभा असलेला ताल कुठे डळमळत नाही. वय कमी म्हणून सवलत द्यावी, असे हे वादन नव्हे.

उणीव आहे ती दुसरीकडे. साल्साच्या गीताचे साधारणतः दोन भाग असतात. पहिल्या भागात गायक बांधलेले गीत गातो. दुसऱ्या भागात वृंद एक ठरलेली ओळ पुन्हापुन्हा म्हणतो आणि तिच्या मधल्या जागांत गायक आपल्या ओळी तेथल्या तेथे रचून घालतो. मिस्सेत स्तोत्राला आपण सारे प्रतिसाद देतो, त्या रचनेशी परिचित असलेल्या वाचकांना हा घाट लगेच उमगेल. फरक एवढाच, की येथे पुढच्या गायकाचे शब्द आधी लिहिलेले नसतात. या उत्स्फूर्त गायकाला ‘सोनेरो’ म्हणतात आणि गायकाची खरी कसोटी तेथेच लागते. जगलेले, भोगलेले काही पदरी असल्याशिवाय ती जागा भरता येत नाही. साल्सेरीनच्या गाण्यांत माझ्या कानांना ही जागा बहुधा आखीव वाटते. मुले गोड गातात, पण ती पाठ केलेले गातात. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना जगायला अजून अवधी मिळाला नव्हता.

या वृंदातून पुढे आलेले सर्वांत प्रसिद्ध गायक म्हणजे सेर्वांदो आणि फ्लोरेंतीनो प्रिमेरा हे दोघे भाऊ. त्यांचे वडील आली प्रिमेरा हे गरिबांच्या, कष्टकऱ्यांच्या व्यथा गाणारे गायक. 16 फेब्रुवारी 1985 रोजी काराकासमध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा मोठा सेर्वांदो साडेचार वर्षांचाही नव्हता. बापाने पुठ्ठ्याच्या छपराखाली राहणाऱ्यांची गाणी गायिली आणि मुले मात्र प्रेमाच्या चिठ्ठ्या गातात, अशी तुलना करण्याचा मोह सहज होतो. ही तुलना मला अन्यायाची वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने बापाचा क्रोध उसना घेऊन गावा, ही अपेक्षाच क्रूर आहे. त्याने आपल्या वयाचे गावे. प्रश्न इतकाच, की वय वाढेल तसे त्याला गाणेही वाढवू दिले जाते का?

साल्सेरीनची खरी परीक्षा येथे आहे. 1997 साली दोघे भाऊ वृंदातून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची वाट धरली. त्यांच्या जागी दुसरे आवाज आले. नाव तेच राहिले. गायक बदलणे हे साल्सात नवे नाही. प्वेर्तो रिकोचा ‘एल ग्रान कोंबो’ 1962 सालापासून उभा आहे. 1977 साली त्याचा लाडका गायक अँडी मोंतान्येस व्हेनेझुएलाच्या ‘दिमेन्सिओन लातिना’त गेला, त्याच्या जागी जेरी रिवास आला आणि वृंद चालत राहिला. पण ती जाणती माणसे होती. आपल्या मर्जीने आली, मर्जीने गेली. त्याच प्वेर्तो रिकोत 1977 साली निघालेल्या ‘मेनूदो’ या पॉप मंडळीत मात्र मुलगा ठराविक वयाचा झाला, की त्याला निरोप मिळे. तेथे वाढणे हाच अपराध होता.

साल्सेरीन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. त्याला निव्वळ कारखाना म्हणणे योग्य होणार नाही, कारण मुले तेथे खरी विद्या शिकली. प्रिमेरा बंधू पुढे केवळ गायक राहिले नाहीत, गीतकार म्हणूनही त्यांनी नाव कमावले. पाठ केलेले गाणारी मुले स्वतःचे शब्द लिहू लागली. पण त्याला निखळ शाळा म्हणतानाही जीभ अडखळते. शाळेला आपल्या साऱ्या विद्यार्थ्यांची आठवण असावी लागते. येथे दोघांची नावे जगाने लक्षात ठेवली. कोवळा आवाज देऊन निघून गेलेल्या इतरांचे काय झाले, असे विचारणारे थोडेच.

म्हणून अशा वृंदाचे मोल किती तबकड्या खपल्या किंवा किती सभागृहे भरली यावर ठरवू नये. जो मुलगा बाहेर पडतो, तो काय घेऊन बाहेर पडतो, हे पाहावे. टाळ्यांचा नाद तेवढा कानात उरला असेल, तर त्याचा कंठ फुटला तो पहिल्या अर्थाने. ताल, रचना आणि स्वतःचे दोन शब्द घालण्याचे धैर्य त्याने नेले असेल, तर दुसऱ्या. मुलांना गायला उभे करणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. असे केले तर गायक बदलल्याचे दुःख होणार नाही. कारण गेलेला प्रत्येक आवाज कुठेतरी आपले गाणे गात असेल.