दुरुस्त केलेली मराठी

करोलबागेत राहत असताना आमच्या खालच्या मजल्यावर एक तंजावरी मराठी कुटुंब होते. आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आजींना मी मराठी बोलतो हे कळले त्या दिवशी त्यांनी वाटीत गोड काहीतरी आणून दिले आणि म्हणाल्या, ही सोजी. मी तेव्हा नुकताच मराठी घेऊन एम. ए. झालो होतो. मी हसून म्हणालो, "आजी, आपल्याकडे याला शिरा म्हणतात." पुढच्या दोन-चार भेटींत मी त्यांची क्रियापदेही अशीच सरळ करून दिली. मला वाटत होते, मी आपुलकी दाखवतो आहे. महिन्याभरात आजी माझ्याशी इंग्रजीत बोलू लागल्या.

सोजी हा मराठीच शब्द आहे. बारीक रव्याला आपल्याकडेही सोजी म्हणत. आजींनी शब्द चुकवला नव्हता, जपला होता. हे मला फार उशिरा कळले. तंजावरच्या मराठीविषयी आपण जे लिहितो ते वाचताना मला ती वाटी आठवते, कारण मी आजींशी जे केले तेच आपली समीक्षा तंजावरशी करत आली आहे असे माझे मत झाले आहे.

व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये ती गादी संपली. राज्याबरोबर कारकून, पुजारी, कीर्तनकार, शिपाई आले आणि गादी गेल्यावरही तिथेच राहिले. त्यांची मराठी महाराष्ट्राच्या मराठीपासून सुटली ती तेव्हाच. पुण्या-मुंबईत छापखाना, शाळाखाते आणि वर्तमानपत्रे यांनी जी प्रमाण मराठी घडवली, तिच्या घडणीत या लोकांचा वाटा नव्हता. त्यांची भाषा घरात राहिली. बाहेर तमिळ, संगीतात तेलुगू, पूजेत संस्कृत, कचेरीत पुढे इंग्रजी.

आपल्या वाङ्मयेतिहासात तंजावर येते ते दोन कारणांनी. एक म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय, तिथल्या पोथ्या आणि मोडी कागद. त्याला जोडून बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ चा भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख. दुसरे कारण म्हणजे नाटक. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले, पण शहाजी राजांची तंजावरी नाटके त्याच्या दीडशे वर्षे आधीची, तेव्हा आद्य मराठी नाटककार कोण, असा तो वाद. वादात तारखा मोजल्या जातात. नाटके मात्र फारशी वाचली जात नाहीत. वाचलीच तर त्यांतली भाषा ‘दाक्षिणात्य वळणाची’, ‘तेलुगू यक्षगानाच्या प्रभावाखालची’ असे शेरे मिळतात. प्रभाव हा शब्द आपण अशा वेळी डागासारखा वापरतो.

शहाजींच्या नावावर असलेले ‘पंचभाषाविलास’ या दृष्टीने पाहावे. त्यात द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देशातल्या राजकन्या आपापल्या भाषांत बोलतात; पाचवी भाषा संस्कृत. हे नाटक मराठीचे की तमिळचे, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. पाच भाषा कळणारा, निदान पाच भाषांचा नाद ओळखणारा प्रेक्षक गृहीत धरून ते लिहिले आहे. आपण त्यातली मराठी वेगळी काढून आपल्या इतिहासात लावली, तर हाती येते ती नाटकाची पाचवी फोड.

दुसरे उदाहरण दुसऱ्या सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’चे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातून आलेली कुरवर जमातीची स्त्री विरहिणी नायिकेचा हात पाहते, भविष्य सांगते आणि आपण हिंडलेल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी हा साचा जसाच्या तसा घेतला आणि मराठीत त्या स्त्रीकडून जगाचा भूगोल सांगवला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा. त्याच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून मराठीत निघाल्या, म्हणजे महाराष्ट्रात मराठी छपाई रुजण्याच्या कितीतरी आधी. युरोपातले ज्ञान, तमिळ नाट्यरूप आणि मराठी भाषा यांची सांगड त्याने घातली ती मराठीला शेजाऱ्यांची सवय होती म्हणून. ज्याला आपण वळण म्हणून नाक मुरडतो, तीच या कृतीची ताकद आहे. १९५० मध्ये सरस्वती महालाने हे नाटक छापले. मराठीच्या अभ्यासक्रमात मात्र मला ते कधी भेटले नाही.

ही देवघेव एकाच बाजूने झाली नाही. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते आजही गायली जातात. ती एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकारांकडून तंजावरच्या कृष्ण भागवतरांसारख्यांनी उचलली. तमिळ स्वयंपाकघरात कोसुमल्ली म्हणून कोशिंबीर आहे, पिट्लै म्हणून पिठले आहे, डांगर पच्चडीत आपले डांगर आहे. उद्या तंजावरात मराठी बोलणारे घर उरले नाही तरी हे शब्द तमिळच्या आश्रयाने राहतील. शेजारभाषेने इथे मराठीला गिळलेले नाही, आपल्या घरात जागा दिली आहे.

मग ही बोली धोक्यात का आली? इथे मला प्रबोध पंडितांची आठवण होते. दिल्ली विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवणाऱ्या पंडितांनी पुणे विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेत स्थलांतरित माणसाची भाषा दोन-तीन पिढ्यांत जाते आणि ती का टिकली हे समजावून सांगावे लागते. भारतात उलट आहे, इथे टिकणे हीच रीत आहे. मुंबईतल्या गुजराती मसाला-व्यापाऱ्याचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. घरी एक भाषा, भाजीबाजारात दुसरी, धंद्यात आणखी दोन. प्रत्येक भाषेला आपले काम होते, म्हणून कुणी कुणाला हुसकावत नव्हते.

तंजावरची मराठी या सिद्धान्ताची उत्तम साक्ष आहे आणि दिल्लीत तीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. जी भाषा तमिळच्या समुद्रात तीनशे वर्षे टिकली, ती आमच्या खालच्या मजल्यावर दोन पिढ्यांत संपली. आजी-आजोबा आपसांत ती बोलत. मुलगा समजून घेई आणि हिंदीत उत्तर देई. नात आता गुरुग्रामला असते, तिला कळतही नाही. तंजावरात मराठीला घराचे, सोयरिकीचे, सोवळ्यातल्या स्वयंपाकाचे काम होते. दिल्लीच्या फ्लॅटमध्ये ही सगळी कामे हिंदी आणि इंग्रजी दोघींनी वाटून घेतली. पंडितांच्या व्यापाऱ्याला पाच भाषा लागत होत्या, कारण त्याचे जग पाच ठिकाणी विभागलेले होते. आपले जग मोबाइलच्या एका पडद्यावर आले आहे.

हे कारण मोठे आहे, पण एवढेच नाही. आजींना मराठी बोलायला या शहरात एक जागा नक्की होती. ती म्हणजे आम्ही, दिल्लीतली बाकीची मराठी माणसे. त्या जागेवर त्यांना दुरुस्त्या मिळाल्या.

इटलीच्या ईशान्य टोकाला, कानिन पर्वताखाली रेझिया नावाचे खोरे आहे. हजाराच्या आसपास वस्ती, चार मुख्य गावे आणि प्रत्येक गावाची बोली थोडी वेगळी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही स्लोव्हेनियनची बोली, भोवती फ्रिउलियन आणि इटालियन. बोदुएँ द कुर्तने हा भाषाशास्त्रज्ञ १८७३ साली तिथे गेला आणि तिच्या स्वरांच्या प्रेमातच पडला. मिल्को मातिचेतोव्ह यांनी तिथल्या कोल्ह्या-लांडग्यांच्या गोष्टी गोळा केल्या. १९७३ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या आणि स्लोव्हेनियातल्या मुलांच्या लाडक्या झाल्या. २००१ मध्ये इटलीने स्लोव्हेनियन अल्पसंख्याकांसाठी कायदा केला, तेव्हा रेझियातले बरेच लोक म्हणाले, आम्ही स्लोव्हेनियन नाही, आमची भाषा वेगळी आहे. शास्त्र त्यांच्या बाजूने नाही. पण मला त्यांचा राग समजतो. पलीकडच्या मोठ्या भाषेच्या पंखाखाली गेलो तर आपले बोलणे तिच्या मापाने चुकीचे ठरेल, ही ती भीती आहे.

तंजावरी माणसांनी असे कधी म्हटले नाही. ते स्वतःला अभिमानाने मराठी म्हणवतात. आपण त्या अभिमानाचा उपयोग करून घेतला आणि त्यांची बोली मात्र ऐकली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलन दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, मराठी नाटकाची मुळे यक्षगानापर्यंत जाऊन शोधणाऱ्या. या योगायोगाचा मला आनंद झाला. गर्दीत उभा असताना मनात आले, अभिजातपणाचे पुरावे देताना आपण पोथ्या आणि शिलालेख पुढे करतो. शिलालेखाला कुणी ‘तुमचे क्रियापद चुकले’ म्हणत नाही. बोलणाऱ्या माणसाला म्हणतो.

समीक्षेकडून माझी मागणी मोठी नाही. तंजावरची नाटके तमिळ आणि तेलुगू जाणणाऱ्यांच्या शेजारी बसून वाचावीत. अनेक भाषांची पाने एकत्र छापणाऱ्या नियतकालिकाला हे इतरांपेक्षा सोपे आहे. ही बोली अजून बोलणारी घरे तंजावर, कुंभकोणम, चेन्नई आणि दिल्लीतही असतील. तिथे जाऊन आधी ऐकावे. आणि ‘प्रभाव’ या शब्दाआधी एकदा थांबावे.

आजी गेल्या. गेल्या दिवाळीत त्यांच्या नातीने फोन केला, तेव्हा सहज म्हणाली, "घर पे सोजी बनाई है, दादी वाली." बाकी सगळे हिंदी, तेवढा एक शब्द आजींचा. तिने मला विचारले, ठीक शब्द है ना? मी म्हणालो, बिलकुल ठीक है. हे उत्तर मला तीस वर्षांपूर्वी तिच्या आजीला द्यायला हवे होते.