‘चोरून’ या शब्दाचा मालक

‘स्टेल्थ’ हा इंग्रजी शब्द आज मराठी वाचकाला भेटतो तो लढाऊ विमानांच्या बातमीत. रडारला सहजी न सापडणारे विमान ते ‘स्टेल्थ’ विमान. बातमीदार तो शब्द तसाच ठेवतो. ‘चोरटे विमान’ असे कोणी लिहीत नाही. लिहिले तर वाचक हसेल. व्युत्पत्तीला धरून मात्र तेच भाषांतर बरोबर ठरते. ‘स्टील’ म्हणजे चोरणे. या क्रियापदाचे ‘स्टेल्थ’शी तेच नाते आहे, जे ‘हील’चे ‘हेल्थ’शी. मध्ययुगीन इंग्रजीत ‘स्टेल्थ’चा अर्थ सरळ चोरी असा होता, गुपचूप हालचाल हा अर्थ नंतर आला. त्याच भाषेतला ‘फर्टिव्ह’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘फुर’ या, चोर अशा अर्थाच्या शब्दाच्या कुळातला. आपले ‘चोरून’ तर उघडच चोराचे आहे. लपून केलेल्या कृतीला नाव देताना या तिन्ही भाषांनी चोरच गाठला.

फरक पुढे पडला. इंग्रजी शब्दातला चोर वापराने झिजून गेला. ‘स्टेल्थ’ ऐकताना इंग्रजी माणसाला चोरी आठवत नसावी, म्हणून तर तो शब्द सरकारी विमानाला चालला. मराठीतला चोर अजून जिवंत आहे. ‘चोरून’ म्हटले की आरोप आला, आणि चोरीचा आरोप आला की मालक आला. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. कोश चाळणे आणि माणसे काय बोलतात ते टिपून ठेवणे एवढीच माझी साधने. त्यांच्या आधाराने मला एकच प्रश्न विचारायचा आहे: जी गोष्ट ‘चोरून’ केली असे आपण म्हणतो, तिचा मालक कोण असे आपण धरून चालतो?

आधी आक्षेप पाहू. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, चोरदरवाजा या शब्दांत आरोप कुठे आहे? किल्ल्याचा चोरदरवाजा किल्ल्याच्या धन्यानेच बांधलेला असतो. चोरखिसा तर चोरापासून वाचण्यासाठीच शिवतात. इथे ‘चोर’चा अर्थ केवळ ‘न दिसणारा’ एवढाच आहे. आक्षेप रास्त आहे. पण हे सगळे शब्द वस्तूंचे आहेत. वस्तूवर आरोप ठेवता येत नाही, म्हणून तिथे शब्द निरुपद्रवी होतो. ‘चोरणे’ या क्रियापदाला जिवंत कर्ता मिळाला, की मालक पुन्हा हजर होतो.

याचा चांगला दाखला गोठ्यात आहे. धार काढताना गाय पुरते दूध सोडत नाही, वासरासाठी राखून ठेवते. त्याला आपण म्हणतो, गाय पान्हा चोरते. दूध तिचे, कास तिची, वासरूही तिचे. तरी चोर तीच. शेतकऱ्याचे यात काही वाकडे आहे असे मला म्हणायचे नाही. त्याने वैरण घातली आहे, त्याचे घर दुधावर चालते. पण शब्द कोणाच्या बाजूला बसून तयार झाला आहे, हे लपत नाही. धार काढणाऱ्याच्या पाटावरून पाहिले की गाय चोर दिसते. वासराच्या बाजूने पाहिले तर या क्रियेला वेगळे नाव द्यावे लागेल, आणि ते आपल्याकडे नाही.

‘अंगचोर’ हा शब्द त्याच पाटावरचा. कामात पुरते अंग न घालणारा गडी अंगचोर. अंग त्याचेच, मग त्याने चोरले कोणाचे? सालगड्याचे अंग वर्षभरासाठी धन्याचे झाले, हे गृहीत धरल्याशिवाय हा शब्द उभाच राहत नाही. आणि ‘अंग चोरून बसणे’? एसटीच्या बाकावर बाई परक्या पुरुषाशेजारी बसते, तेव्हा अंग चोरून बसते. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, तो माणूस गावच्या रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या अंग चोरून चालला. स्वतःच्याच देहाएवढी जागा घेणे ही जणू दुसऱ्याच्या मालकीतली उचल.

आता दुसरी रांग पाहा. दानशूर माणूस नाव न सांगता देतो ते गुप्तदान. राजाचा माणूस वेष पालटून फिरतो तो गुप्तहेर. १९३८मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. तेव्हापासून १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात येईपर्यंत मराठवाड्यात जे कार्यकर्ते लपून वावरले, त्यांना आपण आदराने भूमिगत म्हणतो, आणि ते योग्यच आहे. ‘गनिमी कावा’ची कथा तर आणखी बोलकी आहे. ‘गनीम’ म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना या नावाने हिणवत. ‘कावा’ म्हणजे घोड्याला गोल फेर देणे, त्यावरून हुलकावणी. शत्रूने दिलेले नाव मराठ्यांनी उचलले आणि पुढे ते अभिमानाने मिरवले. सत्ता हाती आली की लपण्याचा शब्दसुद्धा प्रतिष्ठित करून घेता येतो.

म्हणजे लपण्याची रीत एकच असली, तरी शब्द लपणाऱ्याच्या पायरीप्रमाणे वाटले जातात. देणारा गुप्त, राजा गुप्त, क्रांतिकारक भूमिगत, सैन्य गनिमी. आणि सून, गडी, गाय यांच्या वाट्याला ‘चोरून’. पैशांच्या बाबतीतही हेच. खिशातून शंभर रुपये गेले तर चोरी; संस्थेच्या तिजोरीतून कोटी गेले तर अपहार किंवा गैरव्यवहार. चोर हा शब्द वर चढत नाही, पायऱ्यांवरच दमतो.

या व्यवस्थेला आतून हिसका देणारी पहिली मोठी मराठी कवयित्री आमच्याच जिल्ह्यातली, हे सांगताना थोडा अभिमान वाटतो. जनाबाई परंपरेने गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली, नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून राबली. तिच्याविषयीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठल रात्री तिच्याकडे येतो, दळू लागतो, आणि पहाटे घाईने जाताना आपले पदक तिथे विसरून तिची वाकळ पांघरून निघतो. सकाळी पदक दासीच्या घरी सापडते. चोर ठरते ती जनाबाई, शिक्षा सुळाची; आणि सुळाचे पाणी होते.

आपण ही गोष्ट चमत्कारासाठी सांगतो. ‘चोरून’ या शब्दासाठी ती पुन्हा वाचली पाहिजे. रात्रीच्या अंधारात लपतछपत कोण आले? देव. वस्तू कोणी नेली? देवानेच, वाकळ. तरी आरोप दासीवर. पदक देवाचे आणि म्हणून पुजाऱ्यांच्या ताब्यातले. वाकळ दासीची आणि म्हणून कोणाच्याच हिशेबात नाही. पुजाऱ्यांनी वाकळेची चौकशी केल्याचे गोष्टीत कुठेही येत नाही.

नामदेवगाथेत जनाबाईच्या नावाने जे अभंग आले आहेत, त्यांतल्या एका प्रसिद्ध अभंगात हाच हिशेब उलटवलेला दिसतो. तिथे चोर आहे तो पंढरीचा राणा. त्याला पकडणारी आणि हृदयाच्या कोठडीत कोंडणारी जनाबाई. कृष्णाला लोणीचोर, चित्तचोर म्हणण्याची भक्तीची परंपरा सर्वत्र आहे. तिथे तो लाडाचा शब्द आहे. दासीने तो उच्चारला की त्याला वेगळी धार येते. कोंडायला कोठडी लागते, आणि कोठडी मालकाकडे असते. ज्या बाईच्या मालकीचे काही नव्हते, तिने हृदय ही एक जागा आपली ठरवली आणि देवाला तिथे चोर म्हणून उभे केले. तिच्या अभंगांवर लिहिताना आपण वात्सल्य, सलगी, सख्यभाव एवढ्यावर थांबतो. मालकी हा तिचा विषय आहे, हे आपल्या समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही.

शब्दाची ही बाजू न पाहिल्याचा परिणाम चरित्रलेखनावरही होतो. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांबद्दल आपण सर्रास लिहितो, ‘त्या चोरून शिकल्या.’ रमाबाई रानडे यांच्या १९१०च्या आठवणी वाचाव्यात. त्यांना न्यायमूर्तींनी स्वतः शिकवले. पण घरातल्या बायकांचा रोष आणि टोमणे किती सोसावे लागले, हे त्यांनी तपशिलाने लिहिले आहे. नवऱ्याची संमती असतानाही अक्षर ओळखणे हा घरच्या दृष्टीने गुन्हा. अशा वेळी आपण कौतुकाने ‘चोरून’ लिहितो आणि नकळत टोमणे मारणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देतो. अक्षरे त्या घराच्या मालकीची नव्हती. ‘लपून शिकल्या’ असे लिहिले तर भीती दिसते, आरोप दिसत नाही. दोन शब्दांतले हे अंतर लहान नाही.

आणि म्हणूनच २० मार्च १९२७चे महाड. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. म्हणजे तळ्यावर हक्क कागदोपत्री होताच. रात्री जाऊन ओंजळभर पाणी कोणीही प्याले असते. डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह दिवसाढवळ्या, रांगेने, गावातून चालत तळ्यावर गेले. त्या सत्याग्रहाचा अर्थ पाण्यात जितका आहे, तितकाच त्या उघडेपणात आहे. चोरून प्यायलेले पाणी मालकाची मालकी मान्य करते. उघड प्यायलेले पाणी ती नाकारते. ‘चोरून’ या शब्दाला मराठी समाजात दिले गेलेले इतके नेमके उत्तर मला दुसरे सापडलेले नाही.

‘चोरून’ शब्द भाषेतून हाकलावा असे मी सुचवत नाही. प्रेमगीतातल्या चोरट्या नजरेने कोणाचे काही बिघडत नाही, आणि गाय पान्हा चोरतच राहील. मागणे एवढेच, की माणसांबद्दल, विशेषतः ज्यांच्याकडे मालकीचे फारसे काही नव्हते अशांबद्दल, चरित्र, समीक्षा किंवा भाषांतर लिहिताना हा शब्द हाताशी आला, तर क्षणभर थांबून पाहावे. ‘स्टेल्थ’, ‘फर्टिव्ह’ यांच्यापुढे मराठीत लपून, गुपचूप, दबकत, नजर चुकवून, हळूच असे कितीतरी शब्द आहेत. त्यांत लपणाऱ्याची भीती आहे, हुशारी आहे, क्वचित मजाही आहे. ‘चोरून’मध्ये एक जादा माणूस उभा असतो. तो खरोखर मालक होता का, एवढे विचारून मगच शब्द निवडावा.