वंशावळी, वतनी कागद आणि मृत्युपत्रें : एक टीका

कुलवृत्तांत लिहिण्याची हौस महाराष्ट्रांत जुनी आहे. आजवर छापून निघालेल्या कुलवृत्तांतांची संख्या थोडीथोडकी नाहीं, आणि त्यांपैकीं कित्येकांच्या मागें केलेले श्रम पाहून आम्हांस आदरच वाटतो. असें असतांही या वाङ्मयावर आमचा एक आक्षेप आहे. सोयगांवीं एका घरचें जुनें दप्तर चाळतांना तो नुकताच पुनः मनांत आला, म्हणून येथें मांडीत आहों. आमचे कुलवृत्तांतकार वंशावळ आधीं लिहितात आणि कागद मागाहून वाचतात.

प्रस्तुत दप्तरांत मोडी लिपींतील एक वाटणीपत्र आहे. घडीवर तें फाटलें असून मूळ पुरुषापासून चौथ्या पिढीच्या नांवाचीं आरंभींचीं अक्षरें गेलीं आहेत. उरलें आहे तें शेवटचें 'जी' एवढेंच. घराच्या मंडळींनीं त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहींतील नांव पाहून तें त्या फटीवर पेन्सिलीनें लिहून टाकलें होतें, आणि पुढें ती पेन्सिल जणूं मूळ शाईच होय असें समजून सारी वंशावळ रचली होती. 'जी'नें संपणारीं नांवें मराठवाड्यांत व खानदेशांत किती आहेत हें वाचकांस सांगावयास नको. क्षेत्रोपाध्यायाची वही हें साधन चांगलें; पण यात्रेकरूनें तोंडानें सांगितलें तेवढेंच तींत असतें. वाटणीपत्रावर भाऊबंदांच्या सह्या व साक्षी असतात, कुणब्याचा नांगर असतो, महाराचा विळादोर असतो. या दोहोंची योग्यता एक नव्हे.

पूर्वीं हा प्रश्न केवळ हौसेचा होता. आतां तसा राहिलेला नाहीं. मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याकरितां महाराष्ट्र शासनानें २०२३ च्या सप्टेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. तेव्हांपासून ज्या घरांत तीन पिढ्या कोणी मोडीचें अक्षर वाचलें नव्हतें, त्या घरांतूनही पेट्या उघडल्या गेल्या. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु नोंद सांपडली तरी ती आपल्याच पूर्वजाची हें दाखविणें उरतें, आणि तेथें वंशावळीची एकेक कडी मोलाची होते. मुलाचें शिक्षण किंवा नोकरी एका कडीवर लटकलेली असतांना ती कडी पेन्सिलीनें जोडण्याचा मोह आवरणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यासाठीं कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. हा मोह मोठमोठ्या विद्वानांसही आवरलेला नाहीं.

त्याचें उदाहरण सोयगांवच्याच डोंगरांत आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे, व त्यांत त्यानें आपल्या धन्यांची वंशावळ दिली आहे. लेख जागोजाग झिजला आहे. एकोणिसाव्या शतकांत तो भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांच्या हातीं आला. पण त्या काळीं ताम्रपटांवरून विद्वानांस ठाऊक असलेली वाकाटकांची वंशावळ एकाच शाखेची होती. त्यामुळें पुसट अक्षरांच्या जागीं त्याच शाखेंतील पृथिवीषेणाचें नांव वाचलें गेलें. पुढें १९३९ सालीं वाशीम येथें विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला. हा ताम्रपट म्हणजे कांहीं प्रशस्तिकाव्य नव्हे. नांदेडकडील एक गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचें तें दानपत्र आहे, म्हणजे जमिनीचाच कागद. वंशाचा भाग तेवढा संस्कृतांत, बाकी व्यवहाराचा मजकूर प्राकृतांत. त्यांत प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ति असें स्वच्छ लिहिलेलें आहे. त्यानंतर वा. वि. मिराशी यांनीं अजिंठ्याचा लेख पुनः तपासला, तेव्हां पृथिवीषेण जाऊन तेथें विंध्यसेन उभा राहिला, आणि वत्सगुल्माची निराळी राजशाखा इतिहासास मिळाली. भिंतीवरील अक्षरें तींच होतीं. वाचणारांच्या डोळ्यांपुढची वंशावळ तेवढी बदलली होती.

आतां पुनः दप्तराकडे वळूं. त्यांत एक मृत्युपत्रही आहे. मिति १३४० फसलीच्या श्रावणांतील. शकाचा आंकडा नाहीं, लिहिल्याचें ठिकाणही नाहीं. सोयगांव घाटाच्या पायथ्याशीं. पलीकडे लागलीच खानदेश. इकडे १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, तिकडे १९४७ पर्यंत इंग्रजांचा, आणि या घराची जमीन दोन्हीकडे. मुंबई इलाख्याकडील फसली साल मृगास सुरू होई, हैदराबादचें त्या काळीं आजर महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबरांत. म्हणून १३४० फसलीचा श्रावण मृगसालाप्रमाणें १९३० सालीं पडतो, आजरसालाप्रमाणें १९३१ सालीं! महिना शहरेवर किंवा मेहर असा लिहिला असता तर संशय उरता ना. घरच्या मंडळींनीं पंचांगांतील कोष्टक पाहून बेधडक १९३० लिहिलें होतें. त्याच सुमारास घरांत एक दत्तविधान झालें असल्यामुळें, मृत्युपत्र करतांना दत्तक घेतलेला मुलगा घरांत होता कीं नव्हता हा प्रश्न या एका वर्षावर अवलंबून आहे.

मृत्युपत्राविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आमच्या घरचें जुनें मृत्युपत्र सांपडत नाहीं म्हणून हळहळणारे गृहस्थ आम्हांस नेहमीं भेटतात. त्यांनीं हळहळूं नये. धर्मशास्त्रांत दाय, विभाग व दान यांचा विस्तार मोठा आहे. पण आपल्या मृत्यूनंतर अमलांत यावी अशा इच्छापत्राचा व्यवहार त्यांत नाहीं. १८७० चा हिंदु मृत्युपत्रांचा कायदाही मुंबई इलाख्यापैकीं मुंबई शहरासच लागू होता. एकत्र कुटुंबांतील अविभक्त हिस्सा मिताक्षरेप्रमाणें मृत्युपत्रानें कोणास देतां येत नसे. तेव्हां अशा घराण्यांत त्या काळचें मृत्युपत्र दिसलें कीं, घर आधींच विभक्त झालें होतें किंवा मिळकत स्वकष्टार्जित होती, असा तर्क प्रथम करावा, व तदनुसार वाटणीपत्राचा शोध घ्यावा. कुलवृत्तांतकार मृत्युपत्रांतील मुलांचीं नांवें तेवढीं उतरून घेतात आणि हें सर्व सोडून देतात. स्त्रियांचीं नांवेंही ते सोडतात. छापील वंशवृक्षांत ज्या विधवेला जागा नाहीं, तिचें नांव वाटणीपत्रांत अन्नवस्त्राच्या कलमाखालीं बहुधा सांपडतें, आणि कित्येकदां दोन समाननामक पुरुषांतील भेद त्या एका नांवावरूनच कळतो. आजाचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल. बायको निराळी असल्याखेरीज आजा कोणता व नातू कोणता हें कागद सांगत नाहीं.

निजामी मुलखांत इनामदार वारला म्हणजे विरासतीची चौकशी होई, आणि तींत दावेदारास वंशावळ दाखल करावी लागे. या वंशावळी सरकारी शिक्क्याच्या म्हणून लोक त्यांस वेदवाक्य मानतात. वस्तुतः ती वादीची कैफियत होय. त्याच मिसलींत प्रतिवादीची हरकत असेल तर ती आधीं वाचावी. भाऊबंद भांडतात तेव्हां खरें पुष्कळ बाहेर पडतें.

कागद ज्या प्रसंगीं लिहिला गेला त्या प्रसंगापुरतेंच बोलतो. वर सांगितलेल्या वराहदेवाचेंच पहा. अजिंठ्यास तो धन्यांची वंशावळ सांगतो, तेव्हां स्वतःच्या कुळाविषयीं त्याला फारसें बोलावयाचें नसतें. पण जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यांत त्यानें आपल्या वल्लूर ब्राह्मणांच्या कुळाची परंपरा यज्ञपतीपासून दिली आहे. त्या कुळांतील सोम यानें ब्राह्मण स्त्रियांखेरीज एका क्षत्रिय स्त्रीशींही विवाह केला, आणि आपली शाखा त्या क्षत्रिय स्त्रीच्या पोटची, हें त्यानें दगडांत कोरून ठेविलें आहे. हस्तिभोज हा त्याचा पिता दोन्ही लेखांत येतो, म्हणूनच ते लेख एकमेकांस बांधतां येतात. आमच्या कुलवृत्तांतांत मात्र असा सोम क्वचितच आढळतो. आढळला तर त्याची ती शाखा 'निर्वंश' म्हणून मिटविलेली असते. पंधराशें वर्षांपूर्वींच्या मंत्र्यास ज्याची लाज वाटली नाहीं, त्याची आज कोणास वाटावी याचा आम्हांस उलगडा होत नाहीं.

सोयगांवच्या मंडळींस आम्हीं हें सर्व सांगितलें. तरुण मंडळी थोडी नाराज झाली. घरांतील वृद्ध गृहस्थांनीं मात्र रबर मागवून घेतलें आणि फटीवरचें पेन्सिलीचें नांव आपल्या हातानें पुसलें. वाटणीपत्राचा फोटो आतां वंशावळीसोबत जोडला आहे, आणि चौथ्या पिढीच्या चौकोनांत '…जी' इतकेंच लिहिलें आहे. जामनेराकडील भाऊबंदांपाशीं त्याच वाटणीपत्राची दुसरी प्रत असावी असें ते म्हणतात. दिवाळीनंतर ती पाहावयास जाण्याचें ठरलें आहे.