कॉम्प्टनचा उशीर

होळकर संघाचा एक जुना धावफलक मी वहीत उतरवून ठेवला आहे. मार्च १९४५, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, रणजी करंडकाचा अंतिम सामना. मुंबई ४६२ आणि ७६४. होळकर ३६० आणि ४९२. चौथ्या डावात होळकरांपुढे ८६७ धावांचं लक्ष्य होतं. लक्ष्य कसलं, थट्टाच ती. त्या डावातल्या एका नावापुढे लिहिलंय: नाबाद २४९. नाव डेनिस कॉम्प्टन. मल्हाररावांच्या गादीचं नाव लावणाऱ्या संघात हा इंग्रज कुठून आला, हा पहिला प्रश्न. त्याहून गमतीचा दुसरा: हा माणूस लंडनच्या आर्सेनल क्लबचा पगारी फुटबॉलपटू होता. खेळायची जागा, लेफ्ट आउट.

आमच्या खकनारात घरी मराठी बोलतात आणि तहसिलीचा कागद हिंदीत येतो. त्या काळी हा मुलूख होळकरांचा नव्हता. बऱ्हाणपूर तहसील ब्रिटिश निमाडात, मध्य प्रांतात होती. पण क्रिकेटच्या बाबतीत आमच्याकडच्या थोरांनी सरहद्द कधी मानली नाही, इंदूर ते आपलं. शेजारच्या नेपानगरात वर्तमानपत्राचा कागद बनतो, त्यामुळे खेळाच्या पानाचं वेड आम्हाला मुळातूनच लागलं असं मी चेष्टेने म्हणतो. तर त्या पानांतून, जुन्या पुस्तकांतून आणि फलकांतून कॉम्प्टन मी जमवत गेलो. त्याला वाचायची माझी एक किल्ली आहे: उशीर. या माणसाचं सगळं कसब उशिरा ठरवण्यात होतं.

लेफ्ट आउटच्या जागेपासून सुरुवात करू. मैदानाची डावी कड, एका अंगाला चुन्याची रेघ, समोर प्रतिस्पर्ध्याचा राइट बॅक. जागा अरुंद. वेगावर भिस्त ठेवणारा खेळाडू इथे चेंडू पुढे लोटतो आणि धावत सुटतो. कसबी खेळाडू थांबतो. चेंडू पायाशी ठेवून तो समोरच्याच्या कमरेकडे बघतो. बॅकचं वजन एका पायावर गेलं की तो माणूस अर्ध्या क्षणापुरता खांब होतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने निघायचं. आधी त्याला ठरवू द्यायचं, मग आपण. लांबून हे आळसासारखं दिसतं, आणि कॉम्प्टनवर हा आरोप जन्मभर होत राहिला. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमऱ्यात बढत करायचे तेव्हाही नवख्याला वाटायचं, बुवा मुक्कामाला कधी पोचणार? जाणत्याला ठाऊक असायचं की सम त्यांच्या मुठीत आहे.

१९१८ साली हेंडनला जन्मलेला हा पोरगा आर्सेनलकडून पहिला लीग सामना खेळला तो १९३६ साली, डर्बी काउंटीविरुद्ध. वय १८. पहिल्याच सामन्यात गोल केला. पण त्या जागेचा मालक क्लिफ बॅस्टिन होता, आणि बॅस्टिन असताना डाव्या कडेवर दुसऱ्या कुणाला सहज शिरकाव नव्हता. उन्हाळ्यात मिडलसेक्ससाठी क्रिकेट, हिवाळ्यात आर्सेनलसाठी बूट, असा त्याचा वर्षाचा फेरा. १९३७ साली, एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडकडून कसोटीही खेळून झाली. १९३८ मध्ये चार्ल्टनच्या गोलरक्षकाशी टक्कर होऊन गुडघा दुखावला. तो गुडघा लक्षात ठेवा. मग युद्ध आलं. युद्धकाळात तो इंग्लंडसाठी १२ फुटबॉल सामने खेळला, पण ते सामने अधिकृत धरले जात नाहीत. म्हणून नोंदवहीत त्याच्या नावापुढे इंग्लंडच्या फुटबॉल कॅपच्या रकान्यात शून्य आहे. फलक कधी कधी सरळ खोटं बोलतो, तो असा.

युद्धानेच त्याला महूला आणलं. मराठी वाचकाला महू म्हटलं की बाबासाहेबांचं जन्मस्थान आठवतं. छावणीचं गाव ते, इंदूरपासून गाडीने घटकाभरावर. कॉम्प्टन लष्करात शारीरिक शिक्षण देणारा प्रशिक्षक होता. इतक्या जवळ असा फलंदाज येऊन राहिलाय म्हटल्यावर इंदूरकर त्याला मोकळा कसा सोडतील? होळकरांचा कर्णधार होता कर्नल सी. के. नायडू, वय ४९, आणि शिस्त अशी की तिच्यापुढे छावणी ढिली वाटावी. जोडीला मुश्ताक अली. या दोघांच्या मध्ये आर्सेनलचा लेफ्ट आउट जाऊन उभा राहिला.

आता फलक पुन्हा बघा, पण सावकाश. मुंबईच्या दुसऱ्या डावात विजय मर्चंटचे २७८. मर्चंटची फलंदाजी म्हणजे सनदी लेखापालाचा ताळेबंद, एक पैसा इकडचा तिकडे नाही. होळकरांच्या बाजूने सी. एस. नायडूने सामन्यात ९१७ चेंडू टाकले. पहिल्या डावात ६४ षटकं ५ चेंडू, दुसऱ्यात ८८ षटकं. ११ बळी, ४२८ धावा. एवढा लेगस्पिन टाकून त्या गड्याच्या बोटांची सालं राहिली असतील का, हा विचार मला कॉम्प्टनच्या आधी येतो. इतकं झाल्यावर ८६७ चा पाठलाग. होळकरांच्या ४९२ पैकी मुश्ताकच्या १३९ आणि कॉम्प्टनच्या २४९ काढून घ्या. उरतात १०४, अवांतर धरून, बाकी नऊ जणांच्या. मुश्ताकने पहिल्या डावातही १०९ केल्या होत्या. म्हणजे एका बाजूला इंदूरचा लहरी राजबिंडा, दुसऱ्या बाजूला लंडनचा, आणि भोवती मुंबईचं काटेकोर क्षेत्ररक्षण. सामना होळकर ३७४ धावांनी हरले. डावातल्या निम्म्याहून अधिक धावा पाहुण्याच्या, आणि शेवटचा गडी बाद झाला तेव्हा तो पाहुणा उभाच होता. ‘नाबाद’ हा शब्द हरलेल्या फलकावर इतका रुबाबदार मी दुसरीकडे वाचला नाही.

त्याच्या फलंदाजीतही लेफ्ट आउटच उभा असायचा. स्वीपच पाहा. चेंडू टप्पा पडून आत यायला लागला तरी याचा निर्णय झालेला नसे. इतरांची बॅट पुढे जाऊन चेंडूला आडवी भेटते. याची बॅट चेंडू जवळपास निघून जाताना खाली येई आणि त्याला पाठीमागे, फाइन लेगकडे, नुसतं वळण देई. मनगटाचं काम, खांद्याचं नाही. चेंडू हातून सुटायच्या आधीच पुढे चालत निघण्याची त्याला खोड होती, आणि गोलंदाजाने ते ओळखून चेंडू आखूड टाकला तर मागे सरकून कट करायला त्याच्याजवळ वेळ असायचा. हा वेळ कुठून येत असे? राइट बॅकच्या कमरेकडे बघण्यात ज्याचे हिवाळे गेले त्याला गोलंदाजाचा खांदा वाचायला कितीसा उशीर लागणार! क्रिकेटच्या शिक्षकांनी मुलांना त्याची नक्कल करू नका म्हणून बजावलं, ते बरोबरच होतं. पायांचं ते शिक्षण नेटमध्ये मिळत नाही.

त्या २४९ ला एक शेपूट आहे, ते स्वतः कॉम्प्टनच रंगवून सांगायचा. होळकरांच्या एका धनिक चाहत्याने शतकानंतरच्या दर धावेला बक्षीस कबूल केलं होतं. कोणी शंभर रुपये सांगतं, कोणी पन्नास. खेळ संपल्यावर कॉम्प्टन हिशेब करत परतला तर हाती चिठ्ठी आली: शेठजींना तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं आहे. कलकत्ताच का, हा माझा लाडका तपशील. नागपूर म्हटलं असतं तर माणूस पाठोपाठ गेला असता.

पुढे कॉम्प्टन कलकत्त्याला गेला तेव्हा वेगळीच माणसं भेटली. नोव्हेंबर १९४५, ईडन गार्डन्स, पूर्व विभाग विरुद्ध ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले होते, शहर पेटलं होतं, निदर्शक मैदानात घुसले. त्यांच्यातला एक जण थेट खेळपट्टीपाशी आला आणि कॉम्प्टनला अदबीने म्हणाला, तुम्ही खेळता फार छान, पण आता तुम्ही जायला हवं. त्या वाक्यात रसिक आणि राजकारणी एकाच तोंडाने बोलले. दाद आधी, हद्दपारी नंतर. क्रम बघण्यासारखा आहे. प्रतिस्पर्धी संघातल्या कीथ मिलरने ते वाक्य जपून ठेवलं आणि पुढे कसोटीत कॉम्प्टन फलंदाजीला आला की तो ते ऐकवायचा.

१९४७ च्या उन्हाळ्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी थोडक्यात आवरतो. एका मोसमात ३,८१६ धावा, १८ शतकं. दोन्ही विक्रम अजून उभे आहेत. मिडलसेक्स विजेते. एवढ्या धावा काढून माणसाने हिवाळाभर पाय पसरून बसावं. हा बूट चढवून पुन्हा डाव्या कडेवर गेला. त्या मोसमात तो लीगचे १४ सामने खेळला आणि आर्सेनल १९४८ चं विजेतं ठरलं.

आता १८ मार्च १९५०. एफए कपची उपांत्य फेरी, टॉटनहॅमच्या मैदानावर, समोर चेल्सी. चेल्सी दोन गोलांनी पुढे. मध्यंतर व्हायला आलं असताना फ्रेडी कॉक्सने घेतलेला कॉर्नर हवेत वळत थेट जाळ्यात गेला, २-१. शेवटची पंधरा मिनिटं राहिली. आर्सेनलला पुन्हा कॉर्नर मिळतो, डावीकडचा, म्हणजे डेनिसचा. मागे सेंटर हाफच्या जागी त्याचा थोरला भाऊ लेस्ली उभा आहे. ३७ वर्षांचा, उंचापुरा, मिडलसेक्सचा यष्टिरक्षक. लेस्ली आपली जागा सोडून पुढे निघतो. कर्णधार जो मर्सर हात हलवून त्याला मागे बोलावतो. सेंटर हाफने पुढे जाण्याचा रिवाज तेव्हा नव्हता. लेस्ली ऐकत नाही. डेनिस चेंडू ठेवतो. इथे मला त्याचा तो जुना थांबा दिसतो: भाऊ कुठवर पोचला हे बघून, मग पाय. चेंडू आत येतो, लेस्लीचं डोकं, आणि २-२. पुनर्लढतीत आर्सेनल १-० ने जिंकले. घरात अंगणात वर्षानुवर्षं झालेला सराव कर्णधाराच्या हुकमापेक्षा वरचढ ठरला, एवढंच त्या गोलाचं मर्म. त्याच वर्षी नोव्हेंबरात लेस्लीला ३८ व्या वर्षी इंग्लंडची पहिली कॅप मिळाली.

अंतिम सामना वेम्बलीला, लिव्हरपूलशी. आर्सेनलच्या अंगात नेहमीचा लाल शर्ट नाही, जुन्या सोन्याच्या रंगाचा. पहिल्या अर्ध्यात डेनिस दमलेला, सुस्त. मध्यंतरात व्यवस्थापक टॉम व्हिटेकरने त्याला आठवण करून दिली म्हणतात, की तुझ्या फुटबॉलची आता ४५ मिनिटं उरली आहेत. आणि आर्सेनलच्या जुन्या पिढीतल्या अ‍ॅलेक्स जेम्सने पेल्यात ब्रँडी ओतून दिली. व्यवस्थापकाने उपदेश करावा, म्हाताऱ्या उस्तादाने पेला द्यावा. दोन्ही औषधं लागू पडली. दुसऱ्या अर्ध्यातला कॉम्प्टन खुलून खेळला. गोल दोन्ही रेग लुइसचे, सामना २-० असा जिंकला, आणि लेफ्ट आउटने बूट काढून ठेवले.

उशीर सगळीकडे शोभत नाही हेही सांगायला हवं. धावा पळताना तो भयंकर होता. मिडलसेक्सचा त्याचा सहकारी जॉन वॉर म्हणायचा की धावेला हाक देतानाच जोडीदाराला शुभेच्छा देणारा हा एकमेव फलंदाज. ज्या लेस्लीच्या डोक्यावर त्याने तो कॉर्नर अचूक उतरवला, त्याच लेस्लीला त्याच्याच मदतनिधीच्या सामन्यात एकही चेंडू न खेळू देता त्याने धावबाद करवलं. फुटबॉलमध्ये भाऊ येईपर्यंत थांबता येतं. बावीस यार्डांत कुणी तरी वेळेवर निघावं लागतं.

विसराळूपणा हाही त्याच उशिराचा भाऊ. १९५५ साली ओल्ड ट्रॅफर्डला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीला तो आपलं सामान न घेताच पोचला आणि मैदानाच्या संग्रहातली एक जुनाट बॅट उचलून खेळला, असं सांगतात. धावा १५८ आणि ७१.

आणि तो गुडघा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी वाटीच काढून टाकली. फुटबॉलचा हिशेब तिथे पुरा वसूल झाला. ती वाटी पुढे लॉर्ड्सच्या संग्रहात बिस्किटाच्या डब्यात जाऊन बसली. ऑगस्ट १९५६ मध्ये, ३८ वर्षांचा कॉम्प्टन वाटी नसलेल्या पायावर ओव्हलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. पुढे चालत जाण्याची खोड आता पायाला झेपणारी नव्हती. क्रीजमध्ये उभं राहून चेंडू येऊ द्यायचा, आणखी येऊ द्यायचा, आणि अगदी शेवटी मनगट फिरवायचं, एवढंच हाती होतं. समोर मिलर होता. कॉम्प्टनने ९४ केल्या.