वळवता न येणारा पैसा

९ मार्च १९९४ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या नावाने महाराष्ट्रासाठी एक आदेश निघाला. त्यात निधीवाटपाविषयीचे एक लांबलचक वाक्य आहे. त्याचा आशय असा: राज्यपाल विकासखर्चासाठी जो निधी वाटून देतील तो राज्याच्या वार्षिक अर्थसंकल्पात दिसला पाहिजे, त्या निधीतली कामे राज्य सरकारने केली किंवा करवून घेतली पाहिजेत, आणि एका विकास मंडळाच्या क्षेत्राचा पैसा दुसऱ्या मंडळाच्या क्षेत्राकडे वळवता येणार नाही.

राजपत्रातले गद्य कोणी आवडीने वाचत नाही. हे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले आहे, कारण त्याची बांधणी विलक्षण आहे. त्यात तीन क्रिया एकापाठोपाठ येतात: पैसा दिसणे, काम होणे, पैसा जागेवर राहणे. या क्रमात चाळीस वर्षांचा अनुभव साठवलेला आहे. मागास भागाचा पैसा बुडण्याच्याही तीनच वाटा असतात. एक तर तो अर्थसंकल्पात येतच नाही. आला तर काम निघत नाही, आणि वर्षअखेरीला तो दुसरीकडे जातो. वाक्य रचणाऱ्याने एकेक वाट बंद करत नेली आहे. ज्यांनी हा मसुदा लिहिला त्यांना विदर्भ-मराठवाड्याची तक्रार तोंडपाठ असली पाहिजे.

आदेशाला बळ मिळते ते संविधानाच्या अनुच्छेद ३७१च्या दुसऱ्या कलमातून. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले आणि १९६०मध्ये राज्याचे विभाजन झाल्यावर महाराष्ट्र आणि गुजरातला लागू झाले. कलमाची सुरुवातच दमदार आहे: या संविधानात काहीही असले तरी. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे हा आपल्या संसदीय व्यवस्थेचा पाया. त्या पायालाच बाजूला सारून हे कलम राज्यपालावर ‘विशेष जबाबदारी’ टाकू देते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकासनिधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांच्या पुरेशा संधी, असे त्याचे तीन भाग.

पण दमदार सुरुवातीनंतर लगेच आवाज खाली येतो. राष्ट्रपती असा आदेश काढू ‘शकतील’. काढतीलच असे नाही. शिवाय निधी आणि नोकऱ्या या दोन्ही भागांना शेपूट जोडले आहे: संपूर्ण राज्याच्या गरजांना अधीन राहून. म्हणजे पश्चिम विदर्भातल्या आमच्या वऱ्हाडाचा वाटा न्याय्य असेल, पण आधी मुंबईतून सगळ्या राज्याची गरज ठरेल आणि मग तो न्याय्यपणा मोजला जाईल. ‘शकतील’मुळे किती काळ गेला तो हिशेब सोपा आहे. कलम १९५६चे, आदेश १९९४चा. मधली अडतीस वर्षे हे कलम संविधानात होते आणि त्याने एकाही शेताला पाणी दिले नाही.

या कलमाची मुळे आमच्याच मातीत आहेत. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, महाराष्ट्र आणि महाविदर्भाच्या नेत्यांत अकोल्याला करार झाला. एका मराठी प्रांतात दोन उपप्रांत राहावेत अशी त्याची कल्पना होती. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात उपप्रांत गेले, त्यांच्या जागी आश्वासने आली: निधीत आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा, नागपुरात दरवर्षी ठरावीक काळ सरकारचा मुक्काम. तीन वर्षांनी संविधानात आले ते त्याहून सौम्य रूप. अकोल्यापासून दिल्लीपर्यंत जाताना प्रत्येक टप्प्यावर मागणी थोडी निवळत गेली. हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की ते उतरंडीसारखे दिसत जाते, आणि वाईट वाटते.

वऱ्हाडाला वरून आलेल्या कागदांची सवय तशी जुनी. १८५३च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. १९०२मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमचा पट्ट्याने घेतला. त्या कागदांत इथल्या माणसांना बोलायला जागा नव्हती. १९९४चा आदेश वेगळा आहे तो इथे. त्यामागे विधिमंडळाचा १९८४चा एकमताचा ठराव होता, आणि त्या ठरावामागे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीचा त्याच वर्षीचा अहवाल.

दांडेकरांची पद्धत साधी आणि म्हणून मोठी होती. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल तो किती खाली आहे ते पाहायचे. आणि ती तूट भरायला लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. तक्रारीला त्यांनी आकडा दिला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या वर निघाला, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटींचा. आदेशानंतर नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४च्या स्थितीवर पुन्हा मोजणी केली. एकूण १४,००६ कोटी ७७ लाख, विदर्भ ६,६२४ कोटी २ लाख. रुपये महागाईनेही वाढले असतील. वाट्याकडे पाहिले तर खरी गोष्ट दिसते: विदर्भाचा हिस्सा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला होता.

आता मी ज्या वाक्याने सुरुवात केली त्याकडे वऱ्हाडातून पाहू. अनुशेष मोजला जातो जिल्ह्याजिल्ह्याने. पैसा न वळवण्याचे बंधन मात्र आहे मंडळाच्या क्षेत्राभोवती, म्हणजे आजच्या अकरा जिल्ह्यांच्या अख्ख्या विदर्भाभोवती. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. आदेशाने धुरा घातला तो विदर्भाच्या कडेने. नागपूर विभाग आणि अमरावती विभाग यांच्यामध्ये घातलाच नाही. विदर्भाचा पैसा पश्चिम महाराष्ट्रात जाणार नाही, एवढी हमी वाक्य देते. तो भंडाऱ्याच्या गोसीखुर्दवर खर्च झाला की अकोल्याच्या काटेपूर्णेवर, याबद्दल वाक्य गप्प आहे. सिंचनाचा अनुशेष तर प्रामुख्याने अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या चार जिल्ह्यांत अडकलेला. (१९९४ला वाशीम वेगळा नव्हता, १९९८मध्ये तो अकोल्यातून निघाला.) पूर्वेकडे मालगुजारी तलावांची जुनी परंपरा, धानाची शेती, मोठ्या नद्या. पश्चिमेला कापूस, तूर, सोयाबीन आणि पावसाची वाट. विदर्भ हा एक शब्द उच्चारला की हा फरक झाकला जातो, आणि आदेशाने तो एकच शब्द वापरला.

दुसरी उणीव याहून खोल आहे. कलम आणि आदेश दोन्ही बोलतात ते निधीबद्दल, पाण्याबद्दल नाही. त्यामुळे १९९४च्या दराने ठरलेले रुपये दिले गेले की आर्थिक अनुशेष संपला असे म्हणता येते, आणि तसे म्हटलेही गेले. पण तेवढ्या रुपयांत ठरलेले हेक्टर भिजतात का? वर्षे गेली, जमिनीचे दर वाढले, सिमेंट वाढले, भूसंपादन आणि वनखात्याच्या परवानग्या अडल्या. रुपयांचा अनुशेष कागदावर मिटला आणि हेक्टरांचा शिल्लक राहिला. ‘भौतिक अनुशेष’ हा अवजड शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांच्या वाचकाला तो आज घरच्यासारखा वाटतो, ही काही आनंदाची गोष्ट नव्हे.

खारपाणपट्टा तर या सगळ्या मोजमापाच्या बाहेरच राहतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. इतर ठिकाणी धरण नसले तर माणूस विहीर खोदतो. इथे विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला चालत नाही आणि पिण्यालाही चालत नाही. सरासरीच्या खाली असलेला हेक्टर इथलाही एक आणि दुसरीकडचाही एक, असे सूत्र मोजते. पण इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला दुसरा उपायच नाही. त्याला नदीवरचा बॅरेज किंवा दूरच्या धरणाचे पाणीच हवे. वाण धरणाचे गोडे पाणी कुणाला किती द्यायचे यावरून गावे आणि शहरे एकमेकांसमोर येतात ती याच कारणाने.

तरीही या आदेशाला मी थोर का मानतो, ते सांगायचे तर त्याच्या वाचकाबद्दल बोलावे लागेल. कायद्याचा मजकूर स्वतःहून काही करत नाही. त्याला नेटाने वाचणारा लागतो. या आदेशाला तो अमरावतीत मिळाला. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती विभागाच्या पदवीधरांचे प्रतिनिधी म्हणून दीर्घकाळ विधान परिषदेत होते. अनुशेषाचा प्रश्न त्यांनी भावनेवर कमी आणि कागदावर जास्त लढवला. २००१च्या डिसेंबरात राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी विशेष जबाबदारीचा अधिकार वापरून निधीवाटपाचे निर्देश काढले. पुढच्या वर्षांत असे निर्देश येत राहिले, आणि त्यांत अनुशेष असलेल्या जिल्ह्यांचा वेगळा विचार होऊ लागला. म्हणजे आदेशाने जो आतला धुरा घातला नव्हता तो घालण्याचा प्रयत्न राजभवनाने केला. मग प्रश्न उभा राहिला की सरकारने हे निर्देश पाळले नाहीत तर काय? देशमुख आणि इतरांच्या याचिकेवर २००८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने उत्तर दिले: राज्यपालांचे निर्देश राज्य सरकारवर बंधनकारक आहेत.

या निकालापूर्वीचा आदेश आणि नंतरचा आदेश यांत एका अक्षराचाही बदल नाही. तरी वाचन बदलले. ‘विशेष जबाबदारी’ हे दोन शब्द तोवर शोभेचे मानता येत होते. आता त्यांना हुकमाचे वजन आले. एखाद्या कवितेला समर्थ वाचक भेटला की तिच्यातला दडलेला अर्थ सगळ्यांचा होतो, असे आपण म्हणतो. सरकारी आदेशाच्या बाबतीत ते इतक्या स्पष्टपणे घडलेले मी दुसरे पाहिलेले नाही. शिक्षकी पेशातल्या माणसाने ते केले, याचा अमरावतीकराला अभिमान वाटावा.

आणि मग आदेश मागे कसा फिरला? तुलनेसाठी अमेरिका पाहा. तिथे धोरण फिरते ते अध्यक्षाच्या सहीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या परदेशी संस्थांना मदत नाकारण्याचे धोरण रेगन यांच्या काळात १९८४मध्ये आले. क्लिंटन यांनी १९९३मध्ये ते काढले, धाकट्या बुश यांनी २००१मध्ये परत आणले, ओबामांनी २००९मध्ये काढले, ट्रम्प यांनी २०१७मध्ये आणले, बायडेन यांनी २०२१मध्ये काढले, २०२५मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा आणले. या येरझारीत त्या संस्थांच्या दवाखान्यांची परवड होते, ती वेगळी. पण प्रत्येक फेरबदलाला एक नाव आहे आणि एक तारीख आहे. मतदार त्या नावाला जाब विचारू शकतो.

आमच्या विकास मंडळांना कोणी रद्द केले नाही. ती १ मे १९९४ला सुरू झाली, मुदतीची होती, आणि मुदत वेळोवेळी वाढवली गेली. ३० एप्रिल २०२० रोजी ती मुदत संपली आणि पुढची वाढ आलीच नाही. देश त्या वेळी टाळेबंदीत होता. रद्द केल्याचा आदेश नाही, सही नाही, कारण नाही, म्हणून वादाला समोर कोणी नाही. आदेशाचे सर्वांत दुबळे अंग इथे उघडे पडते. पैसा वळवता येणार नाही असे ठणकावून सांगणाऱ्या मजकुराने स्वतः मात्र मुदतवाढीच्या फाईलवर जगायचे कबूल केले होते. संविधानातले ‘शकतील’ पुन्हा एकदा आडवे आले. कलम ३७१(२) आजही जागच्या जागी आहे. त्याखालची यंत्रणा तेवढी उठून गेली.

सप्टेंबर २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळे पुन्हा स्थापन करण्याची शिफारस करायचे ठरवले. मंडळे जुन्याच शब्दांत परत आणण्यात मला समाधान नाही. विजय केळकर समितीने २०१३च्या अहवालात विकासाची तूट तालुक्याच्या पातळीवर उतरून पाहिली होती. मजकुरानेही तितके खाली उतरायला हवे. पैसा न वळवण्याचे बंधन प्रशासकीय विभागाला आणि अनुशेषाच्या जिल्ह्याला लावा, म्हणजे अमरावती विभागाचे सिंचन अमरावती विभागातच होईल. रुपयांच्या शेजारी हेक्टर लिहा, आणि हेक्टर भिजेपर्यंत अनुशेष संपला असे म्हणता येणार नाही हेही लिहा. खारपाणपट्ट्याला स्वतःचा परिच्छेद द्या. आणि मंडळ बंद करायचे असेल तर तसा आदेश कारणांसह काढून विधानसभेपुढे ठेवावा लागेल, नुसती मुदत टळल्याने ते बंद होणार नाही, अशी एक ओळ घाला.